स्पीकरच्या मागे ज्याचं नाव छापलेलं असतं, त्या ओहमला आपल्या शोधापायी नोकरी सोडावी लागली होती

वसई, नालासोपारा, विरार. घरं लहान, पण गाणी ऐकायचा शौक मोठा. अनेकांकडे जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर असतात. सगळं छान वाजतं, पण ढोलकीची घुमारी काही येत नाही. मग पॉवर्ड सबवूफर घ्यायचं ठरतं आणि दोन प्रश्न पडतात. हा जोडला तर अ‍ॅम्प्लिफायर जळणार नाही ना? आणि दोघांचा आवाज एकजीव होणार का?

या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच माणूस आहे. नाव जॉर्ज सायमन ओहम. शाळेत ‘ओहमचा नियम’ घोकला होता ना, तोच.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एरलांगेन गावातला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतः शाळेत फारसे गेले नव्हते, पण गणित आणि विज्ञान आपलं आपण शिकले आणि पोरांनाही घरीच शिकवलं. ओहम दहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे विद्यापीठात गेल्यावर पोरगं नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या स्केटिंगमध्ये रमलं. वडील भडकले आणि दीड वर्षात शिक्षण थांबलं. ओहम स्वित्झर्लंडला जाऊन मास्तरकी करू लागला. गणिताचा अभ्यास मात्र त्याने सोडला नाही. १८११ मध्ये परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली.

१८१७ मध्ये त्याला कोलोनच्या शाळेत नोकरी मिळाली. तिथे चांगली प्रयोगशाळा होती. तारेतून वीज किती वाहते आणि ती कशावर ठरते, हे त्याला मोजायचं होतं. अडचण अशी, की त्या काळच्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या. प्रयोग चालू असतानाच त्यांचा जोर उतरायचा आणि आकडे चुकायचे.

मग त्याने बॅटरीच बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबं हे दोन धातू जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. तापमानातल्या फरकामुळे वीज तयार झाली, आणि ती एकसारखी राहिली. या पद्धतीचा पाया थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाने घातला होता. १८२६ मध्ये ओहमला नियम सापडला. दाब वाढला की प्रवाह वाढतो, विरोध वाढला की प्रवाह कमी होतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आठ ओहमच्या स्पीकरला आठ ओहमचा दुसरा साधा स्पीकर समांतर जोडला, तर एकूण विरोध चारवर येतो. प्रवाह जवळपास दुप्पट होतो. अ‍ॅम्प्लिफायर चार ओहमसाठी बनलेला नसेल, तर तो तापतो आणि प्रसंगी जळतो. पॉवर्ड सबवूफरचं तसं नसतं. त्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याच्या स्पीकर-लेव्हल इनपुटचा विरोध साधारण हजारो ओहम असतो. दहा हजार धरला, तर आठाचे होतात ७.९९. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला पत्ताही लागत नाही.

ओहमने हे सगळं १८२७ मध्ये पुस्तकात मांडलं. त्याला वाटलं, आता विद्यापीठात जागा मिळेल. पण विज्ञानात इतकं गणित तेव्हा अनेक जर्मन विद्वानांना रुचत नव्हतं. पुस्तकाचं थंडं स्वागत झालं, टीकाही झाली. १८२८ मध्ये ओहमने कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये गणित शिकवून काढली. १८३३ मध्ये न्युरेम्बर्गला बरी जागा मिळाली. शेवटी कौतुक झालं ते परदेशात. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं.

यानंतर १८४३ मध्ये त्याने आवाजाबद्दल एक नियम मांडला. कोणताही गुंतागुंतीचा आवाज म्हणजे अनेक साध्या स्वरांची बेरीज, आणि कान ते स्वर वेगळे करून ऐकतो. विरोधात उभा राहिला ऑगस्ट सीबेक, म्हणजे त्याच थॉमस सीबेकचा मुलगा! पुढे हेल्महोल्ट्झने ओहमची बाजू उचलून धरली. पण सीबेकचंही अगदीच चूक नव्हतं. मूळ खालचा स्वर नसला तरी कान तो भरून घेतो, म्हणून तर मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवरही गाणं ओळखू येतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या नियमात आहे. आवाज स्वरांमध्ये वेगळा करता येतो, म्हणूनच खालचे स्वर सबवूफरला आणि वरचे स्पीकरला वाटून देता येतात. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर नॉब हेच काम करतो. स्पीकर साठ हर्ट्झपर्यंत नीट वाजत असतील, तर नॉब त्याच्या आसपास ठेवायचा. फार वर नेला, तर गायकाचा आवाज जाड होतो आणि सबवूफर कोणत्या कोपऱ्यात आहे ते कळायला लागतं. मग फेजचं बटण दोन्हीकडे करून बघायचं. ज्या बाजूला ठोका जास्त भरीव वाटेल ती बाजू बरोबर. सबवूफरचा आवाज शेवटी, हळूहळू वाढवायचा.

ज्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदाची ओहमने आयुष्यभर वाट पाहिली, ते त्याला म्युनिकमध्ये १८५२ साली मिळालं. तेव्हा वय होतं ६३. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी तो गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विरोधाच्या एककाला त्याचं नाव दिलं. जे पुस्तक लिहून नोकरी गेली, त्यातलाच नियम आज दहावीच्या पोरांना पाठ असतो.