पत्ते छापणारा संपादक

विज्ञानकथेच्या जगात दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. उभ्या रॉकेटच्या आकाराचे ते मानचिन्ह हाती आले, की लेखकाला भरून पावल्यासारखे वाटते. पुरस्काराचे नाव ‘ह्यूगो’. ज्याच्या नावावरून ते पडले, तो ह्यूगो गर्न्सबॅक हा संपादक हयातीत मात्र लेखकांचे पैसे थकवण्याबद्दल प्रसिद्ध होता. आपल्या कथेचे मानधन वसूल करण्यासाठी काहींना वकील गाठावा लागला. तरीही लेखकांच्या सर्वांत मोठ्या सन्मानाला नाव मिळाले ते याचेच. हे कोडे सोडवायचे, तर त्याच्या आयुष्याचे जमा आणि खर्च असे दोन्ही रकाने वाचायला हवेत.

१६ ऑगस्ट १८८४ रोजी लक्झेंबर्गमध्ये एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील मद्याचे व्यापारी होते, पण मुलाला वेड विजेचे. तारा, घंटा, बॅटऱ्या यांत तो रमायचा. लहान वयातच पर्सिव्हल लॉवेल या खगोल अभ्यासकाचे मंगळावरचे पुस्तक त्याच्या वाचनात आले आणि परग्रहावरील जीवसृष्टीच्या कल्पनेने त्याला झपाटले. स्वतः तयार केलेल्या बॅटरीच्या भरवशावर १९०४ साली हा पोरगा अमेरिकेला गेला.

न्यूयॉर्कमध्ये त्याने विजेचे सामान परदेशातून मागवून विकण्याचा धंदा थाटला. घरबसल्या वापरता येईल असा लहानसा बिनतारी संचही तो विकू लागला. गिऱ्हाईक दूरदूरचे, त्यामुळे मालाची सूची टपालाने पाठवावी लागे. तिच्यातून १९०८ साली ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक निघाले. १९११ मध्ये त्याने स्वतःच तिथे एक क्रमशः कादंबरी लिहायला घेतली. काळ सत्ताविसाव्या शतकातला! कादंबरी म्हणून ती बेतास बात होती. पण रेडिओलहरी दूरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि त्यावरून तिचे अंतर कळते, हे त्याने आकृती काढून दाखवले होते. रडार प्रत्यक्षात यायला तेव्हा बराच अवकाश होता.

एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. फक्त विज्ञानकथांना वाहिलेले इंग्रजीतले हे पहिले मासिक. किंमत २५ सेंट. मुखपृष्ठावर फ्रँक पॉल या चित्रकाराने आकाशभर पसरलेला शनी आणि खाली बर्फावर घसरत खेळणारी माणसे रंगवली होती. पहिल्या अंकातल्या सगळ्या कथा पूर्वी कुठे ना कुठे छापून आलेल्या होत्या. लेखक होते ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर अ‍ॅलन पो. भा. रा. भागवतांमुळे ज्यांच्या लहानपणी व्हर्न मराठीतून घरात आला, त्यांना त्या अंकाची गोडी वेगळी सांगायला नको.

त्या काळी अमेरिकेत लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेल्या कथामासिकांचा सुकाळ होता. या कागदावरूनच त्या साहित्याला ‘पल्प’ म्हणू लागले. प्रतिष्ठित समीक्षक तिकडे ढुंकूनही पाहत नसत. ‘अमेझिंग’चा कागद जरा जाड होता, पण भडक मुखपृष्ठामुळे त्याची गणनाही त्याच पंगतीत झाली.

गर्न्सबॅकचे खरे कर्तृत्व मात्र कथांच्या पानांवर नव्हते. ते वाचकांच्या पत्रांच्या पानांवर होते. पत्राखाली तो लिहिणाऱ्याचे नाव छापी आणि त्याबरोबर पूर्ण पत्ताही. गोष्ट किरकोळ, पण परिणाम केवढा! आडगावी राहणाऱ्या, चंद्रावर जायच्या गोष्टी वाचतो म्हणून घरच्यांची थट्टा सोसणाऱ्या मुलाला अचानक कळले, की आपल्यासारखे वेडे आणखीही आहेत. मग मुले एकमेकांना परस्पर पत्रे लिहू लागली, मंडळे निघाली, सायक्लोस्टाइल केलेली घरगुती नियतकालिके निघाली. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन मुलांनी १९३२-३३ च्या सुमारास असेच एक नियतकालिक काढले. पुढे १९३८ साली याच जोडीचा ‘सुपरमॅन’ जगासमोर आला.

१९२९ मध्ये गर्न्सबॅकच्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि ‘अमेझिंग’ हातचे गेले. काही महिन्यांतच त्याने नवी मासिके उभी केली. १९३४ मध्ये ‘सायन्स फिक्शन लीग’ ही वाचकांची संघटना त्याने काढली आणि गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. वर्गणीदार टिकवण्याचा हिशेब त्यामागे होताच.

आणि इथेच त्याचा दुसरा रकाना उघडा पडला. डोनाल्ड वोल्हाइम या न्यूयॉर्कच्या तरुण वाचकाची कथा गर्न्सबॅकच्या मासिकात जानेवारी १९३४ मध्ये छापून आली. मानधन अवघे १० डॉलर, पण तेही मिळेना. पूर्वी असा बुडालेला लेखक एकटाच चरफडत बसला असता. वोल्हाइमने मात्र आपल्यासारखेच फसलेले आणखी लेखक शोधून काढले आणि सगळ्यांनी मिळून दावा गुदरला. शेवटी ७५ डॉलरवर तडजोड झाली. १९३५ मध्ये त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. वाचकांना एकमेकांशी जोडण्याची शिकवण गर्न्सबॅकचीच. तीच त्याच्यावर उलटली.

बँकेत हिशेब तपासण्यात उमेद गेलेल्या आणि स्वतः कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला वोल्हाइमची बाजू चटकन पटते. लेखकाचे दहा डॉलर हे दहा डॉलरच असतात. थोर कार्याच्या नावाखाली ते बुडवता येत नाहीत.

१९३६ मध्ये गर्न्सबॅकने आपले विज्ञानकथा मासिक विकून टाकले. जुळलेली माणसे मात्र पांगली नाहीत. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स येथे, लीगच्या तिथल्या शाखेच्या पुढाकाराने, वाचकांचे संमेलन भरले. हजर असलेल्यांत आर्थर सी. क्लार्क हा १९ वर्षांचा तरुण होता. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन झाले, तेव्हा सुमारे २०० जण जमले. तिथेही भांडणे झालीच आणि वोल्हाइमसह सहा जणांना दारातच अडवण्यात आले. घरातली भांडणे म्हणतात ती हीच.

१९५२ च्या शिकागो संमेलनात याच वाचकांनी गर्न्सबॅकला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात पुरस्कार सुरू झाले. त्यांचे अधिकृत नाव वेगळे होते. ‘ह्यूगो’ हे लाडाचे नाव, पण तेच रूढ झाले. १९ ऑगस्ट १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. विज्ञानाचा हा भक्त आपला देहही वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन गेला.

जॉन कॅम्पबेल या दुसऱ्या नामवंत संपादकाच्या नावाचा नवलेखक पुरस्कार होता. त्याच्या वंशविषयक मतांवरून वाद झाला आणि २०१९ मध्ये पुरस्काराचे नाव बदलले. ‘ह्यूगो’ मात्र कायम राहिला. गर्न्सबॅकची थकबाकी कुणी विसरले म्हणून नव्हे; ती आजही सांगितली जाते. मंगळावरचे कालवे खोटे ठरले, त्या कथांमधले पुष्कळसे विज्ञान केव्हाच बाद झाले. पण या पुरस्काराचा निकाल कुठले परीक्षक मंडळ लावत नाही. जागतिक संमेलनाचे सदस्य झालेले वाचक मते देऊन तो ठरवतात. पत्राखाली पत्ता छापलेल्या त्या मुलांचेच हे वारसदार.