पदवीवाचून प्राध्यापक : जॉर्ज बूल

आमचा एक माजी विद्यार्थी घरच्या अडचणींमुळे महाविद्यालयात जाऊ शकला नाही. ज्या प्रणालीच्या जोरावर संगणकाचा सारा कारभार चालतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याची विद्या पदवीवाचून साध्य होईल काय, असे त्याने मध्यंतरी आम्हांस विचारले. आम्ही पडलो कलाशाखेचे ! ती विद्या आम्हांस अवगत नाही. परंतु तिच्या मुळाशी ज्याचे गणित आहे, त्या जॉर्ज बूलचे चरित्र आम्ही वाचलेले होते. तेच येथे देत आहो.

बूलचा जन्म इंग्लंडातील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी झाला. वडील जोडे शिवीत; पण त्यांचे चित्त दुर्बिणी करण्यातच अधिक रमे. अखेर धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी मुलाला डॉन्कास्टर येथे साहाय्यक शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनला स्वतःची शाळा काढली. आईबाप व भावंडे यांचा भार त्याच्याच शिरावर होता. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात तो लाग्रांज, लाप्लास यांचे फ्रेंच ग्रंथ उलगडीत बसे. गणिताचे एक पुस्तक पुष्कळ दिवस पुरते, हाही गरिबाला एक लाभच म्हणावयाचा !

केंब्रिजला जाऊन रीतसर अध्ययन करावे, असे त्याच्या मनात आले होते. पण शाळा बंद केली तर घरची चूल कशी पेटणार? तो गेला नाही. केंब्रिजचा तरुण गणिती डंकन ग्रेगरी याने मात्र आपल्या नियतकालिकात त्याचे लेख छापले. १८४४ साली रॉयल सोसायटीने त्यास पदक दिले, आणि १८४९ साली आयर्लंडातील कॉर्क येथे नव्या क्वीन्स कॉलेजात तो गणिताचा प्राध्यापक झाला. तोवर कोणतीही पदवी त्याच्यापाशी नव्हती.

तर्कशास्त्र बीजगणिताच्या रूपात मांडणारा त्याचा मोठा ग्रंथ १८५४ साली निघाला. पुढे दहाच वर्षांनी, नोव्हेंबरात, तो भर पावसातून पायी कॉलेजात गेला व ओल्या कपड्यांनिशीच त्याने व्याख्यान दिले. त्यातून न्यूमोनिया होऊन ८ डिसेंबर १८६४ रोजी तो वारला. वय अवघे एकोणपन्नास.

१९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने बूलचे बीजगणित विजेच्या मंडलांना लावून दाखविले. आज युनिक्स जातीच्या प्रणालीत प्रत्येक फाइल कोणी वाचावी, कोणी लिहावी, याच्या परवानग्या शून्य व एक या खुणांनी नोंदलेल्या असतात. फाइल उघडू देण्यापूर्वी प्रणाली मागणी व परवानगी यांच्यामध्ये बूलचाच 'आणि' घालून पाहते.

आमच्या विद्यार्थ्याने तूर्त परवानग्यांचा हाच भाग शिकावयास घेतला आहे.