वुडी गथ्री : हातातून सुटलेला ठेका

अमेरिकेतील लोकगीतकार वुडी गथ्री ह्यांनी १९४० साली रचलेले 'धिस लँड इज युअर लँड' हे गाणे तेथील शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. पण हजारभर गाणी लिहिणाऱ्या ह्या माणसाची अखेरची दहा-बारा वर्षे इस्पितळांत, गाण्याविना गेली. ज्या दुखण्याने ती नेली, ते त्यांच्या घरी त्यांच्या आधीपासूनच मुक्कामाला होते.

गथ्री ह्यांचा जन्म १९१२ चा, ओक्लाहोमातील ओकिमा ह्या गावचा. जुनी गाणी त्यांनी ऐकली ती आई नोरा हिच्या तोंडून. पुढे आईचा स्वभाव पालटला, हातपाय भलतेच हलू लागले. घरावर आगीची जणू छायाच पडली होती. १९१९ त थोरली बहीण क्लारा भाजून गेली. १९२७ त वडील होरपळले. त्यानंतर आईला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवले आणि १९३० त ती वारली. गावाच्या लेखी ती वेडी होती.

वास्तविक हा आजार वैद्यकाला नवा नव्हता. लाँग आयलंडवर वाढलेल्या जॉर्ज हंटिंग्टन ह्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने १८७२ सालीच त्याचे वर्णन छापले होते. त्याचे वडील व आजोबाही डॉक्टर. त्यांनी पाहिलेल्या घराण्यांतील रोगी त्याच्यासमोर होते. मेंदूच्या खोल भागातील, हालचालींना आवर घालणाऱ्या पेशी ह्यात हळूहळू मरतात. मग अंग आपल्या मनाविरुद्ध झटके घेते, बोल अडखळतो, बुद्धी आणि स्वभावही ढळतो. आई किंवा बाप ह्यांपैकी एकाला रोग असला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीत दिसतात. तोवर संसार थाटलेला असतो, मुले झालेली असतात.

टेक्सासमधील धुळीची वादळे, कॅलिफोर्नियाकडे निघालेले निर्वासित शेतकरी, न्यूयॉर्क, हा सारा प्रवास गथ्री ह्यांच्या गाण्यांतच आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांचा तोल जाऊ लागला, वागणे बेताल झाले. लोकांनी दारूवर बोट ठेवले. आम्हा गाणेवाल्यांतही कोणाची लय सुटली की पहिला संशय पेल्यावरच जातो! १९५२ साली खरे निदान झाले. त्याच सुमारास शेकोटीसाठी वापरलेल्या पेट्रोलचा भडका उडून हात भाजला, आणि गिटार कायमची सुटली.

त्यांची दुसरी पत्नी मार्जोरी ही मार्था ग्रॅहम ह्यांच्या नृत्यसंघातली नर्तिका. ह्या रोगाच्या जुन्या नावातील 'कोरिया' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थही नृत्यच. जिने अंगाचा कणन् कण ताब्यात ठेवण्याची साधना केली, तिच्याच डोळ्यांदेखत नवऱ्याचे अंग ताबा सोडून नाचत राहिले. दोघांचा घटस्फोट झाला होता, तरी शेवटपर्यंत तिनेच त्यांची काळजी वाहिली. १९६१ त तरुण बॉब डिलन भेटीस आला, तेव्हा गथ्री न्यू जर्सीतील ग्रेस्टोन इस्पितळात होते. पुढे वाचाही गेली. हात हलवून, डोळे फिरवून ते मनातले कळवीत. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी ते निवर्तले.

त्याच वर्षी मार्जोरीने अशा रोग्यांच्या कुटुंबांना एकत्र आणणारी संस्था काढली. १९९३ साली रोगाचे जनुक सापडले. आज रक्ताच्या तपासणीने तो वारसा आधीच कळू शकतो, पण समूळ बरे करणारे औषध नाही. गथ्री ह्यांच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलीही ह्याच रोगाने गेल्या, दोघीही एक्केचाळिसाव्या वर्षी.