कै. लक्ष्मीबाई टिळक आणि मंडळीची सहभागिता



मागील पावसाळ्यात लावणीचे दिवस आटोपल्यावर आम्ही रोह्याकडील एका लहानशा गावी घरभेटीसाठी गेलो होतो. तेथे एका घरच्या यजमानाचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षे झाली होती, परंतु त्याची पत्नी अद्याप मंडळीबाहेर होती. प्रार्थना झाल्यावर तिने ओट्याच्या कडेला बसून आम्हांस सरळ विचारले की, मंडळीत येऊन हाती काय पडते? माहेर तुटेल हे दिसते, भावकी बोलेनाशी होईल हेही दिसते. पण मिळायचे ते काही डोळ्यांना दिसत नाही. आम्ही सेमिनरीत शिकलेली उत्तरे दिली. पापक्षमा, दत्तकपण, पवित्र आत्म्याचे दान, सार्वकालिक जीवन, ही सर्व खरी आहेत. तरी त्या माउलीच्या चेहऱ्यावरून आम्हांस कळून चुकले की, आमचे उत्तर तिच्या चुलीपर्यंत पोहोचले नाही.

परत येताना कुंडलिकेच्या काठाने चालत असता आम्हांस कै. लक्ष्मीबाई टिळक यांची आठवण झाली. हाच प्रश्न त्या बाईंनी पुष्कळ वर्षे मनात वागविला होता, आणि त्याचे उत्तर त्यांस पुस्तकातून नव्हे, तर जगण्यातून मिळाले. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात येथे सांगण्याचे योजिले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गावी गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या मनावर १८५७ च्या धामधुमीत मोठा आघात झाला. त्यांच्या सासऱ्यांना त्या काळी फाशी झाली होती. तेव्हापासून त्यांस सोवळ्याचे जणू वेडच लागले. कोणाचा स्पर्श झाला असेल, कोणाची सावली पडली असेल, ही एकच धास्ती. बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मीठदेखील धुवून घेत. पेणकडील आपल्या वाचकांपैकी ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत, त्यांस मीठ धुतल्यावर काय उरते हे सांगावयास नको. या सोवळ्यापायी घरातील बायकामुलांनी किती सोसले, हे लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या आठवणींत हसतहसत लिहिले आहे; परंतु त्या हसण्याखाली रडणे आहे. माणूस माणसाला भितो, शेजारी शेजाऱ्याला विटाळ मानतो, अशा घरात त्यांचे बाळपण गेले.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक हे आपल्या कोकणचेच. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. ते बुद्धिमान, कवी, संस्कृतात पारंगत, परंतु स्वभावाने अत्यंत अस्थिर असे होते. आज येथे तर उद्या तेथे, आज नोकरी तर उद्या नाही, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन मोकळे. अशा पतीबरोबर लक्ष्मीबाईंनी संसार केला, मुले गमावली, उपास काढले. अक्षरओळख झाली तीही पतीच्या हाताखाली, अधूनमधून, रागालोभात.

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावला आगगाडीने जात असता त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. काव्याविषयी बोलणे निघाले, त्यातून धर्माविषयी निघाले, आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांस नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच टिळकांचे मन तेथे खिळले. पुढे दोन वर्षांच्या आत, म्हणजे १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांस प्रभू सापडला. परंतु लक्ष्मीबाईंचे काय झाले? त्या वेळी त्या माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहानगा दत्तू. बातमी आली तेव्हा घरात जणू प्रेत पडले असावे असा आकांत झाला. पती जिवंत आणि तरी सर्वांच्या लेखी मेलेला, अशी त्यांची दशा झाली. सुमारे साडेचार वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. नातलगांनी त्यांस आधार दिला, पंढरपुरासही त्या राहिल्या. त्या आप्तांचे उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत. याच दुःखात त्यांच्या मुखी कविता आली.

बाप्तिस्मा घेतलेल्या आपल्या बंधूंनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. आपण प्रभूकडे आलो याचा आनंद आपण मंडळीत सांगतो. परंतु त्याच दिवशी आपल्या घरी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे आपण सांगतो काय? टिळकांच्या पाऊल टाकण्याने देव गौरविला गेला यात शंका नाही. तरी त्या पावलाचे मोल लक्ष्मीबाईंनीही मोजले, आणि तेही न विचारता.

अखेर त्या पतीकडे अहमदनगर येथे आल्या. पण कशा आल्या? ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी त्यांवर जुलूम केला नाही. घरात एक ख्रिस्ती व एक ब्राह्मण असा तो संसार चालू लागला. आणि आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र आम्ही निवडले, ती येथे सुरू होते.

लक्ष्मीबाईंनी मंडळी पाहिली. उपदेश ऐकण्याआधी त्यांनी माणसे पाहिली. ज्यांच्या सावलीला आपले वडील भीत होते, त्या घरांतील मुलेमुली स्वच्छ होऊन शाळेत जातात, गातात, प्रार्थना करितात, हे त्यांनी पाहिले. आजाऱ्याच्या घरी कोणी न बोलाविता जाते, हे पाहिले. एके रात्री त्यांचे मन या एका प्रश्नाशी झगडत राहिले, की जात कोणी केली? पशूंमध्ये व पक्ष्यांमध्ये जे भेद देवाने केले ते उघड डोळ्यांना दिसतात. मग माणसामाणसांतील हा भेद देवाने केला असता तर त्याची खूण त्याने अंगावर का ठेविली नाही? तेव्हा हा भेद माणसाचाच असला पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांस अडचण राहिली नाही. बाळपणापासून मनावर बसलेली धास्ती गेली. पुढे प्रभू येशूवरील विश्वास त्यांच्या ठायी दृढ झाला आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, मंडळीत येण्याचा पहिला आत्मिक आशीर्वाद तो हा. पौलाने इफिस येथील मंडळीस शिकविले आहे की, दोन लोकांमधील आडभिंत ख्रिस्ताने आपल्या देहाने पाडून टाकिली. आपण हा भाग वाचतो व पुढे जातो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती भिंत दगडविटांची नव्हती. ती त्यांच्या पाण्याच्या घागरीभोवती होती. ती पडली तेव्हा त्यांस केवळ पापाची क्षमा मिळाली असे नव्हे, तर भावंडे मिळाली. एकटा मनुष्य रानात बसून देवाची प्रार्थना करू शकेल. परंतु एकटा मनुष्य प्रभूच्या मेजावर बसू शकत नाही. मेज म्हटले की शेजारी कोणी बसणारच, आणि तो कोण असावा हे निवडणे आपल्या हाती नाही.

दुसरा आशीर्वाद असा की, मंडळीत जो काही घ्यावयास येतो त्याला तेथे देण्यासारखेही काही सापडते. छप्पनच्या दुष्काळाने आणि त्या सुमारास आलेल्या प्लेगाने नगराकडे हाहाकार केला. पुष्कळ मुले पोरकी झाली. टिळकांच्या घरी अशी मुले येऊन राहिली व लक्ष्मीबाई त्यांची आई झाल्या. ज्या बाईला पूर्वी दुसऱ्याचा स्पर्श सोसत नव्हता, तिने दुसऱ्यांची लेकरे मांडीवर घेतली. हे घर केवळ ख्रिस्ती लोकांसाठी होते असेही नाही. बालकवी म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांस नगर येथे याच घरी मुलासारखा आश्रय मिळाला. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्यांच्या ताटातील घास कमी झाला नाही.

तिसरा आशीर्वाद मंडळीच्या उपासनेचा. टिळकांचा पाळक म्हणून दीक्षाविधी १९०४ साली झाला. त्यांनी प्रभूची गोष्ट अभंगांत, ओव्यांत आणि कीर्तनांत आणिली, आणि आपल्या उपासना-संगीतात त्यांची पदे आजही जागोजागी आहेत. जिला अक्षर येत नाही अशी आजीही ती पदे पाठ म्हणते. हे एका माणसाचे दान खरे. परंतु ते गाणारी मंडळी नसती तर ते वहीतच राहिले असते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. टिळकांस मंडळीतील उणिवा दिसत होत्या. परक्यांच्या पैशावर व परक्यांच्या रीतीवर अवलंबून राहणे त्यांस सलत होते. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास देवाचा दरबार या नावाने एक बंधुवर्ग स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एकत्र यावे, असा त्यांचा हेतू होता. त्याविषयी तेव्हा मतभेद झाले. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मंडळीवर असंतुष्ट असलेला हा मनुष्य एकटा राहावयास निघून गेला नाही. त्याने अधिक मोठे कुटुंब शोधिले. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचा अंत झाला.

यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. पूर्वीचे वैधव्य खोटे होते, आताचे खरे होते; परंतु आता त्या एकट्या नव्हत्या. काही काळ त्या मुलाबरोबर कराचीस राहिल्या. टिळकांनी ख्रिस्तायन हे प्रभूच्या चरित्राचे काव्य आरंभिले होते व त्याचे थोडेच अध्याय झाले होते. जेमतेम लिहावयास शिकलेल्या या बाईंनी ते काम हाती घेऊन त्याचा फार मोठा भाग रचिला. आणि मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्या स्मृतिचित्रे या नावाने १९३४ पासून प्रसिद्ध झाल्या. आज सर्व महाराष्ट्र हे पुस्तक आपले मानितो. त्यात त्या कोणाची निंदा करीत नाहीत. सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःला. ज्याची क्षमा झाली आहे, तोच असा निर्भयपणे स्वतःला हसू शकतो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आता पुन्हा आपल्या बाजूकडे वळू. पेण व रोहे या भागांत एक जुना धडा आहेच. येथील बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवीत आले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे याच गावांवरून पडली. आपल्या लोकांपासून इतके दूर, गावोगाव दोनचार घरे, तरी शब्बाथ टिकला. कशाने टिकला? एकाने एकट्याने पाळिला म्हणून नव्हे, तर घराने घराला धरून ठेविले म्हणून. आपल्याही मंडळ्या पुष्कळ ठिकाणी चारपाच घरांच्याच आहेत. पावसात नदीला पूर आला की उपदेशकही पोहोचत नाही. अशा वेळी मंडळी म्हणजे इमारत नव्हे, शेजारच्या पडवीत पेटलेला दिवा होय.

उपदेशक बंधूंस आमची दोन मागणी आहेत. पहिली ही की, ज्या घरात पती आला व पत्नी आली नाही, तेथे घाई करू नये. टिळकांच्या घरी दोन चुली होत्या. तरी प्रभूने ते घर सोडिले नाही. दुसरी ही की, तिला बोलाविण्याआधी आपले घर पाहावे. आपल्यात सोयरीक जमविताना पूर्वीची जात अजून विचारिली जाते काय? प्रभुभोजनाच्या वेळी कोणी कोणाच्या आधी बसावे हे कोणाच्या मनात येते काय? येत असेल, तर आपणही मीठ धूत बसलो आहो. लक्ष्मीबाई मंडळीत आल्या त्या तेथे भिंत नाही असे दिसले म्हणून. भिंत दिसली असती तर त्या परत गेल्या असत्या, आणि तो दोष त्यांचा नसता.

त्या गावच्या माउलीकडे आम्ही या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहो. या वेळी यादी सांगणार नाही. लक्ष्मीबाईंची ही गोष्ट सांगू, आणि मग मंडळीतील दोघी बहिणींस विनंती करू की, त्यांनी अधूनमधून तिच्या ओट्यावर जाऊन बसावे, तिच्या हातचे पाणी प्यावे व तिला आपल्या घरी जेवावयास बोलवावे. पुढचे काम प्रभूचे आहे. त्याने जी भिंत पाडिली ती आपण पुन्हा उभारू नये, एवढी कृपा तो आपणां सर्वांस देवो.