आधी कान, मग हात, मग पाटी : ताराबाई मोडक

शेतकरी बंधूंनो, आज पेरणीपाण्याच्या गोष्टीला थोडी सुट्टी देऊ. एक सोपा खेळ करून बघा. घरातल्या चार-पाच वर्षांच्या पोराला समोर बसवा आणि आपल्या गावाचं नाव टाळ्या वाजवत म्हणायला सांगा. कळ-सा-डी. पोरगं तीन टाळ्या वाजवील. आता तेच नाव पाटीवर लिहा, कळसाडी. अक्षरं भरली चार! कापूस म्हणताना टाळ्या दोन, अक्षरं तीन. ऊस म्हटला तर टाळी एकच, अक्षरं दोन. नंदुरबारचं तर विचारूच नका, टाळ्या तीन आणि अक्षरं पाच. आपण 'ळ'मधला 'अ' बोलताना गिळतो, लिहिताना मात्र तो तिथं असतो. मोठ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. पहिलीतलं पोर इथंच अडखळतं आणि मास्तर त्याला ढ ठरवून मोकळे होतात.

अक्षर आधी कानाला कळलं पाहिजे, मग बोटाला, आणि शेवटी डोळ्याला. मॅडम मॉन्टेसरींची ही शिकवण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्यांनी आणली, त्या ताराबाई मोडकांची ही गोष्ट.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही हा प्रश्नच त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढं अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं. संसार काही टिकला नाही. १९२१ साली लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून गेल्या. त्या काळात एकट्या बाईनं परमुलखात असं बिऱ्हाड करणं म्हणजे काय, ते आजही गावात वेगळं सांगावं लागणार नाही.

पोटच्या पोरीला शिकवायचं कसं, हा घोर त्यांना होताच. त्याच सुमारास भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं नाव त्यांच्या कानावर आलं. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं होतं. १९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून तिथं दाखल झाल्या. पगाराचा हिशेब केला असता तर कुणी सोडली नसती. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि शिक्षण पत्रिका चालवली. गिजुभाई गुजरातीत, ताराबाई मराठीत.

त्या पद्धतीत पोरांना खरखरीत कागदाची अक्षरं देतात. पोर त्यावर बोट फिरवतं आणि तोंडानं त्याचा आवाज काढतं. त्याआधी गाणी, गोष्टी, टाळ्यांचे ताल. पेरणीआधी नांगरट करावी लागते, तसंच हे. नांगरट न करता बी टाकलं तर काय उगवतं, ते तुम्ही जाणताच.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. नाव झालं. पण मनात सल राहिली, हे सगळं शहरातल्या पोटभर जेवणाऱ्यांसाठीच का? मॉन्टेसरीची साधनं महागडी. खेड्यात ती कोण घेणार? शेवटी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मदतीला आल्या अनुताई वाघ. मण्यांच्या जागी गारगोट्या, शिंपले, बिया, पानं आली. मोजायला चिंचोके चालतात, परदेशी ठोकळेच लागतात असं नाही!

पण पोरं येईनात. आई मजुरीला, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन. मग ताराबाईंनी उलट विचार केला. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचं, पोरांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची आणि तिथंच गाणी म्हणायची. ही अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी पुढं कुरणशाळा काढली. पोरगं गुरामागं जाणारच, मग मास्तरही कुरणात.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली पोरं. घरची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी. हे दुखणं आपलंच आहे. आपल्याकडं कुणाच्या घरी गुजर बोली, कुणाच्या घरी भिलोरी, पावरी, अहिराणी. ज्या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही, त्याचे तुकडे पोर कानानं कसे ओळखणार? म्हणून टाळ्यांचा खेळ घरच्या शब्दांपासून सुरू करावा. अहिराणी घरातलं पोर आं-डोर म्हणून दोन टाळ्या बिनचूक वाजवील, मग पुस्तकातला मुलगा आणावा. अंगणवाडीच्या ताईंना हे करायला खडूही लागत नाही. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी भेट दिली तर पोषण आहाराच्या रजिस्टरवर सही करून लगेच उठू नये. पाच मिनिटं बसून टाळ्या ऐकाव्यात.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. मधल्या काळात त्या मुंबई विधानसभेतही होत्या, पण त्यांचं खरं मन रमलं ते टेकडीवरच. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. ते पाहायला त्या राहिल्या नाहीत. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं १९९२ पर्यंत, स्वतःच्या शेवटापर्यंत, चालवलं.