चिंतामणरावांचा राखीव साठा

१९८१ मध्ये अमरकोशातील शब्दांवरचे एक पुस्तक दिल्लीत प्रसिद्ध झाले. ते सिद्ध करणारे चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेव्हा ८५ वर्षांचे होते.

महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण कुंडलिकेकाठच्या रोह्यात गेले. वडील तिथे वकिली करत. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे केंब्रिजला मात्र वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक. नंतर रिझर्व्ह बँक, मग अर्थमंत्रिपद. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी ते सोडले. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या सगळ्या धबडग्यात संस्कृत आणि बागकाम कधी सुटले नाही. १९६८ मध्ये त्यांचा संस्कृत कवितासंग्रह आला.

मेंदूतज्ज्ञ ज्याला बौद्धिक राखीव साठा म्हणतात, तो असाच आयुष्यभर साठतो. शिक्षण, डोक्याला ताण देणारे काम, नव्याने शिकणे यांमुळे मेंदू झीज काही काळ निभावून नेतो. झीज थांबत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. साठा संपला की घसरण उलट वेगाने दिसू शकते.

हंटिंग्टनसारख्या आनुवंशिक आजारातही सगळे जनुकावर ठरत नाही. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा ४० किंवा अधिक वेळा आला, की हा आजार पुरेशा आयुष्यात होतोच. पुनरावृत्ती जितकी जास्त, तितका तो लवकर. पण आकडा सारखा असूनही दोघांमध्ये लक्षणे सुरू होण्यात अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. इतर जनुकांचा त्यात वाटा असतो. शिवाय नैराश्य आणि बिघडलेली झोप यांचा स्मरण व विचारशक्तीवर परिणाम होतो, आणि या दोहोंवर उपचार करता येतात.

म्हातारपणीच्या नेहमीच्या स्मृतिभ्रंशात तर हाताशी बरेच काही आहे. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, कमी ऐकू येणे ही त्यांपैकी काही. लहानपणी शाळा सुटणे हेही एक. चिंतामणरावांना वकिलाचे घर लाभले होते. किनाऱ्यावरच्या पुष्कळ आज्यांची शाळा चौथीतच सुटली. त्यांचा रक्तदाब मोजणे आणि कान तपासून घेणे आजही शक्य आहे.

मे १९८१ मध्ये पत्नी दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांचे निधन झाले.