पगारावर पाणी सोडणारे रेव्हरंड टिळक

टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात. पण मराठीत आणखी एक टिळक होऊन गेले, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक ठोंबरेला 'बालकवी' ही पदवी मिळाली. या मुलाला टिळकांनी पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं.

१८६१ मध्ये कोकणातल्या करजगावात जन्मलेले टिळक चित्पावन ब्राह्मण. १८९३ मध्ये रेल्वेत एका प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन मनात घर करून बसलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची किंमत मोठी होती. आप्तांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

टिळक मात्र तिथेच थांबले नाहीत. मिशनचा पगार घेऊन येशूचा प्रचार करणं त्यांना खटकू लागलं. १९१७ मध्ये पगार सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही तिथे जागा होती.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.